'ब्राइड ऑफ री-अ‍ॅनिमेटर': दुसरा भाग पाहावा का, आणि त्यातून काय उचलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'री-अ‍ॅनिमेटर' (1985) पाहिला, जाम आवडला. दुसरा भाग 'ब्राइड ऑफ री-अ‍ॅनिमेटर' (1990) नुसता किळसवाणा आणि विस्कळीत आहे असं मित्र म्हणतात. तो पाहावा का? आम्ही कॉलेजची मुलं मिळून एका वेड्या शास्त्रज्ञावर शॉर्टफिल्म करतोय, कमी पैशात. त्यासाठी यातून काही शिकता येईल का?

मी मुंबईत प्रोस्थेटिक मेकअपचं काम करतो. जखमा, भाजलेली कातडी, म्हातारपण, कापलेले अवयव, प्रेतं, अधूनमधून एखादं भूत असं सगळं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने झुकलेलं असणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: पाहा, आणि दोनदा पाहा. विस्कळीत आहे हे खरं. किळसवाणाही आहे, लहान भावंडांना घेऊन बसायचा चित्रपट नाही. पण वेड्या शास्त्रज्ञाच्या गोष्टीत जी बाई प्रयोगशाळेत 'बनवली' जाते, तिला स्वतःचं म्हणणं मांडायला इतकी जागा देणारा चित्रपट मला दुसरा माहीत नाही. त्या शेवटच्या भागासाठी आधीचे सगळे धक्के खाल्लेले परवडतात.

आधी थोडं मागचं. मूळ कथा एच. पी. लव्हक्राफ्टची. 1922 साली 'होम ब्रू' नावाच्या छोट्या मासिकात ती सहा भागांत आली. प्रत्येक भागाचे त्याला पाच डॉलर मिळायचे आणि आपण पैशासाठी पाट्या टाकतोय असं त्याचं त्याला वाटायचं. नारायण धारप वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला लव्हक्राफ्टचं जग परकं वाटणार नाही: जुनी घरं, नको ती पुस्तकं, माणसाच्या आकलनापलीकडचं काहीतरी. पण हर्बर्ट वेस्टची गोष्ट त्या पठडीतली नाही. तिच्यात प्राचीन देव नाहीत. आर्कम गावातल्या मिस्कॅटोनिक विद्यापीठातला एक वैद्यकीय विद्यार्थी, त्याने शोधलेलं एक द्रावण आणि पुरेशी ताजी प्रेतं मिळत नाहीत ही त्याची एकमेव तक्रार, एवढाच सगळा मामला. शिकागोतल्या नाटकातून आलेल्या स्टुअर्ट गॉर्डनने त्यावर 1985 मध्ये पहिला चित्रपट केला. निर्माता होता ब्रायन युझ्ना. दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन युझ्नाने स्वतः केलं. वेस्टच्या भूमिकेत जेफ्री कोम्ब्ज, त्याचा साथीदार डॅन केन म्हणून ब्रूस अ‍ॅबट आणि डॉ. कार्ल हिल म्हणून डेव्हिड गेल हे तिघे दोन्ही चित्रपटांत आहेत.

दिग्दर्शक बदलला हे दुसऱ्या भागात पहिल्या काही मिनिटांतच कळतं. गॉर्डन नाटकवाला. त्याची दृश्यं बंद खोलीत, तीन-चार माणसांत, एका दमात चढत जातात. पहिल्या चित्रपटात वेस्टच्या तळघरात मेलेलं मांजर पुन्हा उठतं ते दृश्य आठवा: हलणारा दिवा, दोन घाबरलेली माणसं आणि एक खेळण्यातलं वाटावं असं मांजर, तरी अंगावर येतं. युझ्नाला तो ताल नाही. त्याला प्रतिमा सुचतात, एकामागून एक, आणि त्या एकत्र बांधायला तो फारसा थांबत नाही. नुकताच त्याने 'सोसायटी' हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला होता, त्याच पटकथालेखकांबरोबर, वुडी कीथ आणि रिक फ्राय. तोही असाच: गोष्ट लंगडते, प्रतिमा डोक्यातून जात नाहीत.

दुसरा भाग सुरू होतो पेरूमधल्या यादवी युद्धात. पहिल्या भागाच्या शेवटी मिस्कॅटोनिकमध्ये झालेल्या हत्याकांडाला आठ महिने झालेत. वेस्ट आणि डॅन तिथे डॉक्टर म्हणून राबतायत, म्हणजे डॅन राबतोय आणि वेस्टला ताज्या प्रेतांचा अखंड पुरवठा मिळतोय. हा प्रसंग स्वस्तातला आहे, ते लपत नाही. पण वेस्ट युद्धात का जाईल याचं इतकं चोख उत्तर दुसरं नसतं, आणि लव्हक्राफ्टच्या मूळ कथेतही वेस्ट महायुद्धात प्रेतांसाठीच जातो. मग दोघे आर्कमला परततात, पुन्हा इस्पितळात रुजू होतात आणि स्मशानाला लागून असलेल्या एका घरात राहायला लागतात. तळघराच्या भिंतीपलीकडे थेट थडगी.

पहिल्या भागात वेस्टला मेलेला माणूस उठवायचा होता. आता त्याचं त्याने समाधान होत नाही. त्याला सुटे अवयव जिवंत करायचेत आणि ते जोडून नवं काहीतरी घडवायचंय. हा फरक छोटा वाटतो, पण गोष्टीचं वजन त्यावर आहे. उठवणं म्हणजे मृत्यूशी भांडण. घडवणं म्हणजे स्वतःच निर्माता होणं. कोम्ब्जने हा बदल आवाज न चढवता दाखवलाय. पहिल्या भागातला त्याचा वेस्ट कायम चिडलेला, कुणीतरी आपलं काम अडवतंय अशा तोऱ्यातला. दुसऱ्या भागात तो खूश आहे. काम करताना गुणगुणावं तसा त्याचा चेहरा असतो.

तुमच्या शॉर्टफिल्मसाठी पहिली गोष्ट इथेच घ्या. तुमचा शास्त्रज्ञ वेडा आहे असं नटाला सांगू नका. वेस्ट स्वतःला वेडा समजत नाही. त्याच्या मते खोलीतला एकमेव शहाणा माणूस तोच. तो मात्रा मोजतो, वेळ नोंदवतो, प्रयोग फसला तर कारण शोधतो. पहिल्या भागात डॉ. हिलशी त्याचं भांडण जुंपतं ते मेंदू मेल्यानंतर किती मिनिटं उरतात या मुद्द्यावर, आणि हिलने वेस्टच्या गुरूचं, झुरिचच्या डॉ. ग्रूबरचं संशोधन चोरलं या आरोपावर. दोन संशोधक मिनिटांवरून आणि श्रेयावरून भांडतायत, हे कुठल्याही विद्यापीठात खरं वाटेल. विस्कटलेले केस आणि खदाखदा हसणं यापेक्षा ते हजारपटीने भीतिदायक आहे. नटाला एक वही द्या आणि प्रत्येक दृश्यात तिच्यात काहीतरी लिहायला लावा.

या असल्या विज्ञानाला खरा इतिहासही आहे, आणि तो माहीत असला की दोन्ही चित्रपट वेगळे दिसतात. 1803 मध्ये जोव्हानी आल्दिनीने लंडनमध्ये फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला विजेचे झटके दिले; जबडा थरथरला, डोळा उघडला. 1934 मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निशने मारलेल्या कुत्र्यांना पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले. सोव्हिएत संघात ब्रुखोनेन्को यांनी रक्ताभिसरणाचं यंत्र बनवलं, आणि 1940 मध्ये त्या प्रयोगांवर निघालेल्या चित्रपटात यंत्राला जोडलेलं कुत्र्याचं कापलेलं डोकं पापण्या हलवताना दिसतं. पहिल्या भागात डॉ. हिलचं कापलेलं डोकं ट्रेमध्ये बोलताना पाहून आपण हसतो, पण त्या कल्पनेच्या अलीकडे खरी प्रयोगशाळा उभी आहे. युझ्नाच्या चित्रपटात एका कुत्र्याला माणसाचा हात लावलेला दिसतो. सोव्हिएत शल्यविशारद देमिखोव्ह यांनी 1954 मध्ये एका कुत्र्याच्या मानेवर दुसऱ्या कुत्र्याचं डोकं आणि पुढचे पाय शिवले होते, हे ठाऊक असेल तर तो कुत्रा नुसता विनोद राहत नाही.

आणि अवयव जोडणं ही तर आपल्या शहराचीही गोष्ट. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण 18 दिवस जगला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासांतच दगावला. तांत्रिकदृष्ट्या हृदय बसवता येत होतं, पण शरीर परकं हृदय टिकू देत नव्हतं. 1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि चित्र पालटलं. म्हणजे 'ब्राइड' बनला तेव्हा अवयव जोडता येतात हे लोकांना माहीत होतं, आणि शरीर ते झिडकारतं हेही माहीत होतं. चित्रपटाचा शेवट नेमका याच जागेवर बेतलेला आहे.

आता वधूकडे येतो. डॅनची प्रेयसी मेग पहिल्या भागात मरते. त्या चित्रपटाचा शेवटचा क्षण जबरदस्त आहे: डॅन तिला हिरवं द्रावण टोचतो, पडदा काळा होतो, फक्त हिरवी चमक उरते आणि किंकाळी ऐकू येते. दुसऱ्या भागाने तो धागा सरळ सोडून दिलाय. मेग मेली, तिचं हृदय तेवढं उरलंय, आणि ते वेस्टकडे आहे. मेगचं काम करणारी बार्बरा क्रॅम्प्टन या भागात नाही. किंकाळीनंतर काय झालं, डॅनने काय पाहिलं, हे दाखवायला हवं होतं. ते न दाखवल्यामुळे डॅनचा अपराधभाव आपल्याला संवादांतून ऐकावा लागतो, अंगावर येत नाही. ही मला चित्रपटातली सर्वांत मोठी उणीव वाटते, मेकअपमधली कुठलीही कसर तिच्यापुढे क्षुल्लक आहे.

तरी वेस्टची चाल बिनतोड आहे. डॅन आता पुरे म्हणतो, तेव्हा वेस्ट त्याला मेगचं हृदय दाखवतो. तुझ्यासाठी तिला परत आणतो, म्हणतो. हृदय तिचं, बाकीचं शरीर मी जमवतो. मग ते जमवणं सुरू होतं: नर्तकीची पावलं, वेश्येचे पाय, खुनी बाईचा हात, आणि डोकं ग्लोरियाचं. ग्लोरिया ही डॅनचीच मरणाला टेकलेली रुग्ण, जिच्याशी तो मायेने बोलतो. वेस्टच्या लेखी ही अवयवांची यादी आहे, डॅनच्या लेखी प्रेम. यादी वाचताना वेस्टचा आवाज एखाद्या सुरेख वस्तूचं कौतुक करावं तसा असतो, आणि त्या क्षणी लक्षात येतं की या दोघांपैकी कुणीही त्या बाईचा विचार केलेला नाही.

इथे मागच्या दोन वधू आठवायला हव्यात. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन राक्षसासाठी जोडीदारीण बनवायला घेतो आणि ती पुरी व्हायच्या आत स्वतःच तिचे तुकडे करतो. कारण? ती जन्मल्यावर तिला काय वाटेल हे आपल्या हातात नसेल, याची त्याला भीती वाटते. तिला जन्मच मिळत नाही. 1935 मध्ये जेम्स व्हेलने 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' केला. एल्सा लँचेस्टर, उभे राहिलेले केस, त्यांत दोन्ही बाजूंना पांढऱ्या लहरी, जॅक पियर्सचा मेकअप. ती पडद्यावर फक्त शेवटची काही मिनिटं दिसते. बोलत एक शब्दही नाही. फुत्कारते, किंचाळते, राक्षसाला नाकारते, आणि तो सगळंच उद्ध्वस्त करून टाकतो. 55 वर्षांनी आलेली युझ्नाची वधू बोलते. आपण कशाच्या बनलेल्या आहोत ते तिला कळतं. डॅनने आपल्यावर प्रेम करावं असं तिला वाटतं, कारण तिच्या छातीत जे हृदय आहे ते त्याच्यावर प्रेम करणाऱ्या बाईचं आहे. आणि तो तिच्यापासून मागे सरतो.

वधू झालेल्या कॅथलीन किनमाँटने हे ज्या ताकदीने केलंय त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सगळे मेकअपचं कौतुक करतात, तो केएनबी या तेव्हा नव्याने सुरू झालेल्या स्टुडिओचा: रॉबर्ट कुर्त्झमन, ग्रेग निकोटेरो आणि हॉवर्ड बर्गर. पुढे हे फार मोठं नाव झालं. काम सुंदर आहेच. पण ती टेबलवरून उठते तेव्हा तिच्या पावलांकडे पाहा. ती पावलं नर्तकीची आहेत, तिची नाहीत, आणि किनमाँट चालताना ते दाखवते. धड एकीकडे, पाय दुसरीकडे. हात उचलते तेव्हा हात आधी पोहोचतो, नजर नंतर. हा अभिनय आहे. रबर काही चालत नाही. आम्ही तासन्‌तास बसून लावलेला मेकअप नटाने अंगात घेतला नाही तर तो मुखवट्यासारखा नुसता चिकटून राहतो.

मेकअपबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण प्रश्न विचारणाऱ्यांना तेच करायचंय. त्या काळात प्रोस्थेटिक बहुतेक फोम लेटेक्सचं असायचं. आधी नटाच्या अंगाचा साचा, त्यावर मातीने शिल्प, मग त्या शिल्पाचा उलटा साचा. लेटेक्स मिक्सरमध्ये अंड्याच्या फेसासारखं फुलवायचं, साच्यात भरायचं, भट्टीत शेकायचं. तयार झालेला तुकडा हलका आणि लवचिक असतो, अंगाबरोबर हलतो. पण त्यातून उजेड आरपार जात नाही. माणसाच्या कातडीत उजेड थोडा आत शिरतो आणि परततो, कान उन्हात लाल दिसतो तो त्यामुळेच. फोम लेटेक्समध्ये ते नाही, म्हणून सगळी खोली रंगाने उभी करावी लागते: खाली लाल, त्यावर पिवळसर, मध्ये निळ्या-हिरव्या शिरांचे शिंतोडे, सगळं पातळ. आज आम्ही सिलिकॉन वापरतो, त्यात हा प्रश्न निम्मा सुटतो. तरी वधूच्या अंगावरचे ते रंग पाहा. प्रत्येक अवयवाची छटा वेगळी आहे, कारण प्रत्येक वेगळ्या बाईचा. आणि जोडांवर कातडी एकमेकींना पुरती भेटत नाही, मधलं लाल मांस उघडं राहतं. हा निर्णय अचूक आहे. फ्रँकेन्स्टाइनछाप मेकअप करताना नवशिके नेहमी काळ्या रेघेवर आडव्या रेघा मारतात, क्रिकेटच्या चेंडूच्या शिवणीसारख्या. खरा टाका तसा नसतो. जिवंत माणसाला घातलेले टाके बहुधा सुटेसुटे, प्रत्येकाची गाठ वेगळी. शवविच्छेदनानंतरचे टाके जाड दोऱ्याचे, सलग आणि घाईचे. दोन्हींत कातडी दोऱ्याकडे ओढली जाते, टाक्याभोवती चुणी पडते, कडा थोडी वर उचलते. तुमच्या शास्त्रज्ञाचा हात सराईत आहे की उतावीळ, ते टाक्यावरून कळायला हवं. दोरा खरा वापरा, रंगवू नका. प्रोस्थेटिकचा तुकडा अंगाला लावायच्या आधीच त्यात दोरा ओवून घ्या. अंगावर सुई नको.

कमी पैशात करायचं असेल तर जिलेटिन घ्या. स्वस्त आहे, कातडीसारखा उजेड आत घेतं, वितळवून पुन्हा ओतता येतं. फक्त मुंबईच्या उकाड्यात आणि लाइटखाली ते घामाने सुटायला लागतं, म्हणून त्या शॉट्सचं चित्रीकरण एसी खोलीत किंवा रात्री ठेवा आणि जिलेटिन लावलेल्या नटाचे क्लोज-अप सगळ्यात आधी उरका. कडा मिटवण्यातच अर्धं काम असतं. कडा दिसली तर कॅमेरा थोडा मागे घ्या, लाइट बाजूने न टाकता समोरून मऊ टाका. रक्त लिक्विड ग्लुकोज आणि खाण्याच्या लाल रंगाचं करा, त्यात चिमूटभर कोको किंवा तपकिरी रंग. नुसता लाल रंग पडद्यावर सरबतासारखा दिसतो. लेटेक्सची आणि गमची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात. एक दिवस आधी नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा, आणि यात कंटाळा करू नका.

हिरव्या द्रावणाबद्दलही लोक विचारतात. पहिल्या चित्रपटात ते लकाकणारं द्रव ग्लो स्टिकमधलं होतं. तसलं तुम्ही करू नका. काडी फोडून आतलं काढायचं म्हणजे काच आणि रसायन दोन्ही हाताळायचं, वर ते डोळ्याला आणि कातडीला वाईट. टॉनिक वॉटर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकतं. त्यात थोडा हायलायटरचा पिवळा मिसळला की छान हिरवं मिळतं. फक्त मग ते कुणी पिता कामा नये, आणि सिरिंज सुईशिवाय.

आता तो पाच बोटांचा आणि एका डोळ्याचा प्राणी. तुमच्या मित्रांना तो नक्कीच हास्यास्पद वाटला असेल. वेस्ट टेबलवर कापलेली बोटं आणि एक डोळा जोडतो, द्रावण टोचतो आणि तो प्राणी कोळ्यासारखा पळायला लागतो. त्याच सुमारास पोलीस अधिकारी चौकशीला घरात येतो. हे काम डेव्हिड अ‍ॅलन या स्टॉप-मोशनच्या जुन्या उस्तादाचं. आत सांध्यासांध्यांचा धातूचा सापळा असलेली छोटी प्रतिकृती, ती केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी 24 फ्रेम. तो थोडा तुटक हलतो, बरोबर आहे. पण मला तो याच कारणासाठी आवडतो. नुकताच जिवंत झालेला, आपल्याला पाय आहेत की बोटं हे स्वतःलाच न उमगलेला जीव असाच अडखळणार. आजच्या संगणकावर तो सफाईने धावला असता आणि आपण त्याला विसरून गेलो असतो.

खरं तर या चित्रपटात मेकअप आणि इफेक्ट्सचे गट अनेक होते. केएनबी, अ‍ॅलन, जॉन कार्ल बुएकलर यांचा गट, आणि ओसाकात जन्मलेला स्क्रीमिंग मॅड जॉर्ज, जो 'सोसायटी'मध्ये युझ्नाबरोबर होता. प्रत्येकाची हाताची धाटणी वेगळी. जॉर्जचं काम पाहिलं की स्वप्नात अवयव चुकीच्या जागी उगवल्यासारखं वाटतं. केएनबीचं काम शरीरशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखं. त्यामुळे चित्रपट दर दहा मिनिटांनी वेगळा दिसतो. ही तक्रार मी मान्य करतो. पण गोष्टच वेगवेगळ्या बायकांच्या अवयवांनी जोडलेल्या बाईची आहे, आणि तिच्याभोवती असा जोडलेला चित्रपट असणं मला खटकत नाही. एकाच हाताने सगळं गुळगुळीत केलं असतं तर वधू इतकी उठून दिसली नसती.

डॉ. हिलचं मात्र मला वाईट वाटतं. पहिल्या भागात तो खरा खलनायक होता: चोरटा, वासनेने बरबटलेला, स्वतःचंच कापलेलं डोकं हातात घेऊन फिरणारा. इथे डॉ. ग्रेव्ह्ज हा पॅथॉलॉजिस्ट त्या डोक्याला द्रावण टोचतो, ते उठतं, आणि पुढे त्याला वटवाघळाचे पंख शिवले जातात. पंखांची कल्पना भन्नाट आहे. पण हिलला करायला काही ठेवलेलं नाही. सूड घ्यायचाय एवढंच तो सांगत राहतो. डेव्हिड गेल 1991 मध्येच वारला, आणि या नटाला शेवटी शेवटी आणखी चांगलं काम मिळायला हवं होतं. फ्रान्चेस्का ही पेरूपासून डॅनच्या आयुष्यात आलेली मुलगीही कागदावरच राहते. ती आहे कारण डॅनला जिवंत बाई आणि बनवलेली बाई यांच्यात निवड करायची आहे. पोलीस अधिकारी चॅपमच्या दुःखाला, त्याच्या बायकोची मिस्कॅटोनिकमध्ये काय गत झाली त्याला, चांगली सुरुवात मिळते आणि पुढे ते वाया जातं. मधला अर्धा तास तुम्ही घड्याळ बघाल. बघा, पण उठू नका.

कारण मग ती जागी होते. रिचर्ड बँडचं संगीत पहिल्यांदाच विनोद सोडून देतं. वेस्टच्या चेहऱ्यावर बाप झाल्याचा आनंद, डॅनच्या चेहऱ्यावर आपण काय मागितलं होतं याची जाणीव. ती बोलायला लागते. डॅन फ्रान्चेस्काकडे वळतो. तेव्हा ती स्वतःच्या छातीत हात घालते, मेगचं हृदय बाहेर काढते आणि त्याच्यापुढे धरते. ज्याच्यासाठी मला बनवलं त्यालाच हे नको असेल तर घ्या परत, असं ते आहे. मग तिचे अवयव एकेक करून सुटायला लागतात. शरीराने परकं हृदय झिडकारणं हे वैद्यकीय सत्य इथे उलटं फिरवलंय: हृदय आधी गेलं, मग त्याने धरून ठेवलेलं बाकीचं शरीर विखुरलं. या दृश्यात रक्त, मांस, रबर सगळं आहे, आणि तरी मला दरवेळी फक्त तिच्याबद्दल वाईट वाटतं. किळस येणारा मेकअप करून सहानुभूती मिळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. जुन्या फ्रँकेन्स्टाइन चित्रपटांतल्या बोरिस कार्लोफच्या राक्षसाला ते जमलं होतं. इथे किनमाँट आणि केएनबीला जमलंय.

त्यानंतर तळघराची भिंत फुटते, वेस्टने फेकून दिलेले फसलेले प्रयोग थडग्यांतून बाहेर येतात आणि चित्रपट पुन्हा जत्रा होतो. जॉर्जच्या त्या प्राण्यांचे शॉट थांबवून थांबवून पाहा, शिकायला भरपूर आहे.

पाहायचा क्रम विचाराल तर आधी व्हेलचा 1935 चा चित्रपट, तो जेमतेम सव्वा तासाचा आहे, मग 'री-अ‍ॅनिमेटर' पुन्हा एकदा, आणि लगेच हा. 'ब्राइड'च्या दोन आवृत्त्या आहेत, एक अमेरिकी सेन्सॉरच्या आर प्रमाणपत्रासाठी कापलेली आणि एक न कापलेली. न कापलेलीच शोधा. कात्री नेमकी मेकअपवर चालते. तिसरा भाग, 'बियाँड री-अ‍ॅनिमेटर' (2003), युझ्नाने स्पेनमध्ये केला. वेस्ट तुरुंगात आहे आणि कोम्ब्ज तिथेही उत्तम आहे, पण तो सवडीने पाहिला तरी चालेल. शूटिंगच्या आधी तुमच्या वधूच्या टाक्यांचे चाचणी फोटो काढा, एक समोरून मऊ लाइटमध्ये आणि एक बाजूने कडक लाइटमध्ये, आणि इथेच टाका. कडा कुठे उचलतेय ते मी सांगतो.